१९६८ प्लायमाउथ रोडरनर ३८३: वीसेक वर्षं बंद असलेली गाडी घरच्या गॅरेजमध्ये उभी करायची आहे, सुरुवात कुठून करू?

वंगणतेल (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मिशिगनमधल्या एका कोठारात वीसहून जास्त वर्षं उभी असलेली रोडरनर आता माझ्या गॅरेजमध्ये आहे. दोन दारांची, मधे खांब असलेली, ३८३ इंजिन, टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक. काचेखालच्या पट्टीवरचा नंबर आरएम२१एच८ असा सुरू होतो.

सद्यःस्थिती: इंजिन फिरत नाही. ब्रेकचं पेडल सरळ तळाला जातं. डिकीच्या तळाला दोन्ही कोपऱ्यांत हात आरपार जाईल एवढी भोकं. पुढच्या सीटखालचा पत्रा वरून बरा दिसतो, पण स्क्रूड्रायव्हर टोचला की खपल्या निघतात. डॅशखाली कुणीतरी काळी टेप गुंडाळून ठेवलेला वायरींचा गुंता. टाकीतल्या पेट्रोलला व्हार्निशचा वास.

जागा दोन गाड्यांची आहे. ११० व्होल्टचा मिग वेल्डर आणि छोटा कॉम्प्रेसर आहे, इंजिनचा होइस्ट भाड्याने मिळेल. प्रदर्शनात ठेवायची गाडी नको, रविवारी बाहेर काढता येईल अशी हवी. आधी इंजिन की आधी बॉडी? सगळी गाडी खोलून काढू का? आणि एक तातडीचं: उजवीकडची चाकं निघाली, डावीकडचे नट हलतच नाहीयेत. पान्याला चार फुटी पाइप लावून जोर देऊ का?

उलटे_आटे

पाइप खाली ठेवा! डावीकडचे नट तुम्ही सोडवत नाही आहात, आवळताय.

क्रायस्लरच्या गाड्यांना (प्लायमाउथ त्यांचीच) १९७०पर्यंत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असायचे. स्टडच्या टोकावर ‘एल’ अक्षर ठोकलेलं असतं, तारेच्या ब्रशने गंज घासून बघा. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की सुटतील. आधी गंज सोडवणारं तेल मारून एक रात्र थांबा. इम्पॅक्ट गन चुकीच्या दिशेला लावून स्टड तोडलेल्या गाड्या ढिगाने सापडतात. म्हणूनच एखाद्याच चाकाला तीन स्टड उलटे आणि दोन नवे सुलटे असा प्रकारही दिसतो. तेव्हा पाचही टोकं तपासा. बसवताना ६५ फूट-पाउंड पुरेत.

नंबराबद्दल: १९६८ला आरएम ही अक्षरं रोडरनरची. आरएल म्हणजे साधी बेल्व्हेडिअर, आरएच म्हणजे सॅटेलाइट, आरएस म्हणजे जीटीएक्स. २१ म्हणजे खांबवाली, एच म्हणजे चार बॅरलच्या कार्ब्युरेटरचं ३८३. त्यामुळे निदान नंबरापुरती तरी गाडी खरी आहे. बेल्व्हेडिअरला पक्ष्याचे स्टिकर चिकटवून विकलेल्या ‘रोडरनर’ पुष्कळ आहेत.

टॅपेट_सोळा

इंजिनचं मी सांगतो, बॉडीचं इथे इतर जाणकार आहेत.

पहिला नियम: सेल्फ मारायचा नाही. बॅटरी जोडून ‘बघू तरी’ म्हणून चावी फिरवली की अडकलेल्या व्हॉल्व्हखालचा पुशरॉड वाकतो, नाहीतर गंजलेली रिंग सिलिंडरला ओरखडे पाडते. फुकटात झालं असतं ते काम मग मशीन शॉपमध्ये जातं.

आठही प्लग काढा आणि नंबर लिहिलेल्या खोक्यात ठेवा. (डावीकडे पुढून मागे १-३-५-७, उजवीकडे २-४-६-८.) प्लगच्या भोकातून बोरस्कोप घाला. भिंतीवर नुसती तपकिरी धूळ असेल तर आशा आहे. एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी किंवा जाड पापुद्रे दिसले तर हेड उघडावंच लागेल. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण ३० मिली मिश्रण सोडा: ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अ‍ॅसिटोन, निम्मं निम्मं. अ‍ॅसिटोन रंग खातं आणि चटकन पेट घेतं, म्हणून दार उघडं ठेवा आणि गॅसचा गीझर गॅरेजमध्येच असेल तर त्याची ज्योत विझवा. आठवडाभर मुरू द्या, मधे एकदा पुन्हा घाला.

फिरवायचं क्रँकच्या पुढच्या बोल्टवरून, १¼ इंची गोटी आणि लांब दांडा लावून. झटका नको. दोन अंश पुढे, दोन अंश मागे. जरा हललं की पुन्हा तेल आणि पुन्हा एक दिवस विश्रांती. पूर्ण फिरवण्याआधी टॅपेट कव्हर काढून बघा, सोळाही व्हॉल्व्ह वर-खाली होतायत का. एखादा खालीच राहिला तर तिथेच थांबा. रॉकर शाफ्ट सैल करून तो व्हॉल्व्ह तेल आणि प्लास्टिकच्या हातोडीने मोकळा करा.

इंजिन फिरायला लागलं की टायमिंग चेन (क्रँकवरून कॅम फिरवणारी साखळी) तपासा, हे बरेच जण विसरतात. डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढा. क्रँक घड्याळाच्या दिशेने फिरवत खुणेवर आणा, मग उलटा फिरवत रोटर कधी हलतो ते बघा. रोटर हलेपर्यंत क्रँक आठ-दहा अंशांहून जास्त फिरत असेल तर चेन गेली. त्या काळी कॅमच्या चाकाला आवाज कमी व्हावा म्हणून नायलॉनचे दात देत. इतक्या वर्षांनी ते ठिसूळ होतात, तुकडे चेंबरमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या पात्रात) पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. चेन बदलली आणि चेंबर उघडला नाही तर काम अर्धंच झालं. पहिल्या लांब फेरीत तेलाचा काटा शून्यावर येईल.

चालू करण्याआधी तेल वर चढवा. डिस्ट्रिब्यूटर आणि त्याखालचा मधला शाफ्ट काढा, ५/१६ इंची षट्कोनी सळई ड्रिलला लावून पंपात घाला आणि घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. दाब आला की ड्रिल जड होतं, हाताला लगेच कळतं. पण दोन्ही बाजूंच्या रॉकरना तेल एकाच वेळी येत नाही, ते कॅममधल्या भोकातून ठरावीक स्थितीतच वर जातं. म्हणून ड्रिल चालू असताना दुसऱ्या माणसाने क्रँक हळूहळू फिरवत राहायचं. एका बाजूला तेल आलं नाही म्हणून इंजिन खोलायला घेऊ नका.

मधला शाफ्ट परत बसवताना पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला हवा आणि शाफ्टची खाच क्रँकला समांतर. फायरिंग १-८-४-३-६-५-७-२, रोटर घड्याळाच्या उलट दिशेने. स्मॉल ब्लॉकचा (क्रायस्लरच्या लहान व्ही८ इंजिनाचा) रोटर सुलटा फिरतो. तिथली सवय इथे आणलीत तर आठ वायरी चुकीच्या लागतील आणि कार्ब्युरेटरमधून आग येईल. पॉइंटची फट ०.०१७ इंच, ड्वेल (पॉइंट मिटलेले असतात तो कोन) ३० अंशांच्या आसपास.

तेल पाच क्वार्ट, फिल्टर धरून. सपाट टॅपेटचा कॅम आहे, म्हणून जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं, जुन्या गाड्यांसाठीचं तेल घ्या. आजच्या गाड्यांच्या तेलात ते कमी केलेलं असतं. नवा कॅम घातलात तर पहिली २० मिनिटं २,००० ते २,५०० आरपीएमवर ठेवा. आयडलला ठेवलात तर कॅमची बोंडं तिथेच झिजतात, कारण त्यांना तेल मिळतं ते क्रँकने उडवलेलं.

पत्रा_आणि_लांबी

आधी इंजिन की आधी बॉडी, हा प्रश्न मी वेगळा मांडेन. आधी निदान, मग बॉडी, मग बाकी सगळं. इंजिन फिरतं की नाही एवढं बघून घ्या आणि बाजूला ठेवा. चकचकीत इंजिन आणि कुजलेलं क्रॉसमेंबर (तळाची आडवी तुळई) ही जोडी विकायला निघालेल्या अर्धवट गाड्यांमध्ये नेहमी दिसते.

या गाडीला वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, आतले रेल आणि बाहेरचे पॅनेल मिळूनच सांगाडा. त्यात पुढचं सस्पेन्शन टॉर्शन बारचं (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळयांचं) आणि त्या बारची मागची टोकं पुढच्या सीटखालच्या क्रॉसमेंबरात अडकवलेली. तुमचा सीटखालचा पत्रा खपल्या देतोय म्हणता, मग सगळ्यात आधी खालून ते क्रॉसमेंबर ठोकून बघा. हातोडीच्या मागच्या टोकाने ठोका. ठणठणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आत गंजाचा भुगा आहे. हे कुजलेलं असेल तर गाडी एक मैलही चालवू नका.

ते बदलायचं तर बार काढावे लागतील. चाकं लोंबकळत ठेवा, वरच्या आर्मखालचा रबरी ठोकळा काढा म्हणजे आर्म आणखी खाली येईल, मग खालच्या आर्मचा अ‍ॅडजस्टर बोल्ट पूर्ण सैल करा. ताण उतरल्याशिवाय मागची क्लिप काढू नका. बार मागच्या बाजूने सरकतो. अडकला तर व्हाइस ग्रिपने पकडून ओढू नका. दातांचा एक ओरखडा पडला की बार पुढे कधीतरी तिथूनच तुटतो. डावा-उजवा वेगळा असतो, काढल्या काढल्या खूण करा.

कापण्याआधी दारं लावलेलीच ठेवा. दाराची फट वर, मधे आणि खाली मोजून मास्किंग टेपवर लिहून तिथेच चिकटवा. दाराच्या चौकटीत तिरकी नळी टाका. गाडी दारांखालच्या पट्ट्यांखाली चार ठिकाणी टेकवून लेव्हल करा. एका वेळी एकच बाजू कापा. मजल्याचे दोन्ही पत्रे एकदम काढून मग ‘दार का लागत नाही’ असं विचारणारे दर महिन्याला येतात.

तुमचा वेल्डर पुरेल. ०.६ मिमी तार, आर्गॉन ७५ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड २५ टक्के. फ्लक्सच्या तारेने ०.९ मिमीच्या पत्र्याला भोकं पडतील. लांब रेघ ओढायची नाही. एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, मग उलट्या टोकाला. हात लावता येईल इतकं थंड होईपर्यंत थांबा. ओल्या फडक्याने थंड केलं तर पत्रा आक्रसून लाटा येतात. रेलवर प्लग वेल्ड: वरच्या पत्र्याला ५/१६ इंची भोक पाडा, वेल्डरची टॉर्च खालच्या पत्र्यावर टेकवा आणि मधून बाहेर भरत या. आधी भंगार तुकड्यांवर करून ते छिन्नीने उपटून बघा. उपटताना पत्रा फाटला पाहिजे. टाका नुसता सुटून आला तर करंट कमी आहे.

आता डिकी. कोपऱ्यांतला गंज खालून आलेला नसतो, पाणी वरून येतं. मागच्या काचेची क्रोमची पट्टी काढा. क्लिपांपाशी, खालच्या दोन कोपऱ्यांत भोकं असणार. तिथून पाणी थेट डिकीत उतरतं. काचेची चौकट दुरुस्त न करता डिकीचा तळ नवा टाकलात तर तोही कुजेल. पुढच्या सीटखालच्या गंजाचंही तसंच. वायपरखालच्या जाळीत होसपाइपने पाणी सोडा आणि दुसऱ्याला टॉर्च घेऊन डॅशखाली झोपवा. थेंब कुठून येतात ते डोळ्यांनी दिसेल.

रंग: उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर लांबी, तीही ३ मिमीच्या आत. लांबी थेट पत्र्यावर घालणारेही आहेत, पण दमट गॅरेजमध्ये इपॉक्सीवरच घाला. शेवटचा दोन घटकांचा रंग मात्र घरी मारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर साध्या फिल्टरच्या भरवशावर फुप्फुसं पणाला लावण्यात अर्थ नाही. इपॉक्सीपर्यंत घरी करा, पुढचं बूथमध्ये.

सगळी गाडी खोलू का? नको. सुटे भाग लेबल न लावता खोक्यांत गेले की गाडी मेली समजा.

उलटे_आटे

शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. क्रॉसमेंबर आणि मागचे रेल दोन्ही गेले असतील तर अर्धवट खोलून केलेलं वेल्डिंग उताणं झोपून, डोक्यावर ठिणग्या घेत होतं आणि तसंच दिसतं. तेवढा गंज असेल तर गाडी फिरत्या सांगाड्यावरच (गाडी कुशीवर वळवता येते अशा स्टँडवर) चढवा. फक्त डिकीचा प्रश्न असेल तर नको.

ब्रेकचं कुणी बोललं नाही. ड्रम ११ इंची आहेत, चालवायला उत्तम, पण पाणी लागलं की गाडी एका बाजूला ओढते. ड्रम ११.०६० इंचांच्या पुढे गेला असेल तर भंगार. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून कॉम्प्रेसरने धूळ उडवू नका, ओलं करून पुसून घ्या. प्रत्येक ड्रममध्ये आखूड लायनर पुढच्या बाजूला, लांब मागच्या. उलटं बसवलं तर ब्रेक लागतो पण जीव नसतो. अ‍ॅडजस्टरही डावा-उजवा वेगळा. अदलाबदल झाली तर तो आपोआप आवळण्याऐवजी सैल करत जातो.

मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, तिन्ही रबरी होस नवे. लोखंडी पाइप आतून सडलेले असतात, तेही बदला. ३/१६ इंची निकेल-तांब्याचा पाइप हाताने वळतो. टोकाला दुहेरी फ्लेअरच करा, एकेरीला तडा जातो. नवा मास्टर बाकावर धरून त्यातली हवा काढा, मग गाडीला लावा. मग चाकांवरची हवा काढायचा क्रम: मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं.

अर्थिंग_तपासा

डॅशखालचा गुंता. टेप सोडवण्याआधी हे वाचा.

या गाडीत बॅटरीला जाणारा सगळा चार्जिंग करंट आगभिंतीवरच्या (इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यावरच्या) जोडणीतून आत येतो, अँपिअर मीटरमधून फिरतो आणि त्याच जोडणीतून बाहेर जातो. एक लाल वायर, एक काळी, दोन्ही चपट्या पिनांवर. पिना गंजल्या की गरम होतात, प्लास्टिक वितळतं. जुन्या क्रायस्लर गाड्यांना डॅशखाली आग लागते ती बहुतेक इथूनच. इंजिनच्या बाजूने जोडणी ओढून काढा आणि लाल-काळ्या पिनांभोवतीचं प्लास्टिक बघा. तपकिरी किंवा फुगलेलं असेल तर नुसतं घासून परत लावू नका.

दुरुस्ती: त्या दोन पिना रद्द करा, तिथे भोक पाडून दोन्ही वायरी न तोडता आरपार न्या, रबरी कडं लावा. मीटर ठेवायचा नसेल तर त्याच्या मागच्या दोन वायरी एका बोल्टवर एकत्र करून इन्शुलेट करा आणि व्होल्टमीटर बसवा. फ्यूजिबल लिंक (जादा करंट आला की वितळणारा वायरचा तुकडा) मात्र हवीच, वायरपेक्षा चार गेज बारीक. १२च्या वायरला १६ची.

बॅटरी पहिल्यांदा जोडताना निगेटिव्ह केबल आणि बॅटरीचा खांब यांच्यामध्ये १२ व्होल्टचा टेस्ट दिवा धरा. लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. घड्याळ, दारातला दिवा वगैरे बंद करूनही पेटत असेल तर एकेक फ्यूज काढत जा.

गाडी रंगवल्यावर एक हमखास घोळ होतो. रेग्युलेटर आगभिंतीवर बोल्टने बसतो आणि त्याच्या तळातूनच अर्थिंग मिळतं. खाली ताजा रंग असला की अर्थिंग जातं, रेग्युलेटरला व्होल्टेज कमी भासतं आणि तो चार्जिंग वाढवत नेतो. बॅटरी उकळते. बोल्टखालचा रंग खरवडा. इंजिन ते बॉडी पट्टीही विसरू नका.

आणि बॅलास्ट रेझिस्टर (इग्निशनचा करंट कमी करणारा तुकडा): सेल्फ मारताना इंजिन पेटतं, चावी सोडली की लगेच मरतं, असं झालं तर कार्ब्युरेटर उघडू नका. सेल्फच्या वेळी करंट रेझिस्टरला वळसा घालून जातो, नंतर त्यातूनच. साधारण अर्धा ओहम दिसायला हवा. एक जादा तुकडा हातमोज्यांच्या कप्प्यात ठेवा.

वंगणतेल

नट सुटले, पाचही उलटे होते. पाइप लावला असता तर आज स्टड शोधत बसलो असतो, आभार.

नऊ दिवस तेल मुरवल्यावर इंजिन फिरलं. सहा नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अडकला होता, तो मोकळा झाला. रोटर १४ अंशांनंतर हलतो. चेंबर काढला तर जाळीत पिवळट तुकडे होते. क्रॉसमेंबर डावीकडे भद्द वाजतं, उजवीकडे ठणठणीत. आगभिंतीवरची काळी पिन तपकिरी झालीय.

दोन प्रश्न. क्रॉसमेंबर पूर्ण बदलू की डावा तुकडाच? आणि जुन्या टाकीत नवं पेट्रोल घालून एकदा चालवून बघू का?

पत्रा_आणि_लांबी

तुकडा नको. बारचा सगळा पीळ तिथेच पेलला जातो आणि डावीकडे आतून कुजलंय तर उजवीकडचं ठणठणीत म्हणजे फक्त आज ठणठणीत. संपूर्ण तयार मिळतं, तेच घ्या. जुनं काढण्याआधी दोन्ही बारच्या भोकांपासून पुढच्या सस्पेन्शनच्या पिव्होटपर्यंत सरळ आणि तिरकी मापं घ्या. तिरकी दोन मापं ३ मिमीच्या आत जुळली की मगच पक्के टाके.

टॅपेट_सोळा

टाकीला हात लावू नका. तळाचं व्हार्निश नवं पेट्रोल विरघळवतं आणि तो चीक थेट कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये आणि व्हॉल्व्हच्या दांड्यांवर जाऊन बसतो. दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह पुन्हा अडकतात, पुशरॉड वाकतात. चाचणीपुरता पेट्रोलच्या पंपाचा नळ पाच लिटरच्या स्वच्छ डब्यात सोडा, डबा एक्झॉस्टपासून लांब. बॉनेटखालचे पेट्रोलचे रबरी नळ एसएई ३०आर९चे टाका, इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने चिकट होतं. कार्टरच्या कार्ब्युरेटरचा अ‍ॅक्सिलरेटर पंपही त्यासाठीच नवा. टाकी, सेंडर (पेट्रोलची पातळी काट्याला कळवणारा भाग) आणि पुढेपर्यंतचा लोखंडी पाइप नंतर एकदमच बदला.

आणि हे सगळं नवी चेन बसल्यावर. १४ अंश सैल चेनवर इंजिन पेटवायचं नाही.